बोटाएवढा व्हॉल्व्ह

माझ्या थोरल्या साडूंइतका काटेकोर माणूस पुण्यात दुसरा नसेल. आणि पुण्यात राहून हे विधान मी जपूनच करतो आहे. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे मायक्रोमीटर ठेवत. माझ्या मुलाच्या मुंजीत त्यांनी एकच जिलबी तीन ठिकाणी मोजली आणि आचाऱ्याला शांतपणे विचारलं, "कढई तिरकी आहे की आपला हात?" मेव्हणी नवी साडी नेसून समोर आली, तर "निऱ्या उजवीकडे अर्धा इंच खाली आहेत" एवढंच कौतुक तिच्या वाट्याला येई. रोज सकाळी साडेसातला सदाशिव पेठेतून त्यांची स्कूटर धायरीच्या वर्कशॉपकडे निघे. तिथे चार लेथ, यवतमाळकडचे चार कारागीर आणि दारावर पाटी : 'आत येण्यापूर्वी आपले काम काय ते आठवावे.'

या वर्कशॉपला एकदा जर्मनीचं काम मिळालं. दवाखान्यातल्या ऑक्सिजनच्या यंत्रात बसणारा बोटाएवढा पितळी व्हॉल्व्ह. काम समजावून द्यायला तिकडून एक म्हातारे कारागीर आले. आठवडाभर दोघं एकाच लेथवर वाकून उभे असत. दोघांनाही इंग्रजी बेताचंच, म्हणून शाळेत जर्मन शिकणारी साडूंची मुलगी मध्ये दुभाषी. म्हातारबुवांनी शेवटच्या दिवशी सांगितलं, "आकड्यावर विसंबू नका. पितळ मापात आलं की मशीनचा आवाज बदलतो. तो ऐका."

"आणि तुमच्याकडे हे काम आता कोण करतं?" साडूंनी विचारलं.

"कोणी नाही. आमचा कारखाना बंद झाला. म्हणून तर तुमच्याकडे आलंय."

साडू त्यांना घरी जेवायला घेऊन आले, आणि त्या दिवशी ताटातलं काहीही मोजलं नाही.

पुढची आठ-नऊ वर्षं बरी गेली, हे नाकारता येणार नाही. मुलगी इंजिनिअर झाली. कारागिरांनी गावाकडे पक्की घरं बांधली. साडू पेपर उघडून आधी जर्मनीतलं हवामान पाहत आणि मग पुण्यातलं, त्याला नावं ठेवण्यापुरतं.

मग जर्मनीहून एक ईमेल आला. काम व्हिएतनामला जाणार होतं. शेवटी एक विनंतीही होती : तिकडच्या लोकांना व्हिडिओवरून शिकवाल का?

"अजिबात शिकवायचं नाही," मेव्हणी म्हणाली. "आपल्या ताटातलं काढून वर वाढायचंही आपणच?"

"समोर एक पोरगी वही घेऊन बसणार आहे," साडू म्हणाले. "तिने आपलं काय घेतलंय?"

"मग कोणी घेतलंय?"

"ते मला कळलं असतं, तर तिथे जाऊन मोजमाप काढलं असतं."

मी त्या दिवसांत एकदा वर्कशॉपला गेलो. पडद्यावर विशीतली मुलगी, आणि साडू आपला फोन चालत्या लेथपाशी धरून उभे. "ऐक," ते चक्क मराठीत म्हणत होते. "आत्ता. बदलला ना?" ती मान हलवत होती. तिचा पहिला व्हॉल्व्ह बरोबर उतरला, तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे." ज्यांना त्यांचं 'ठीक आहे' कधीच मिळालं नाही असे आम्ही बरेच जण आहोत.

नंतर दुसरं काम मिळालं नाही. दोन कारागीर गावी परतले, एक मोटारसायकलवरून पार्सलं पोचवतो, एकाचा पत्ता नाही. साडू दिवसभर घरी बसू लागले आणि मेव्हणीच्या साडीबद्दल बोलेनासे झाले. ती मला म्हणाली, "नावं तरी ठेवायला हवीत हो."

जुन्या लेथना गिऱ्हाईक मिळेना. शेवटी भंगारवाल्याचा टेम्पो आला, म्हणून मी सोबत गेलो. हमालांनी पहिलं मशीन दोरखंडाने उचललं, तसे साडू पुढे झाले.

"अहो, जरा हळू. लेव्हल बिघडेल."

भंगारात जाणाऱ्या मशीनची लेव्हल. एक तरुण हमाल हसला. त्यांच्यातला वयस्कर हमाल मात्र हसला नाही. "व्हय, मालक," म्हणाला, मशीन खाली टेकवायला लावलं, टेम्पोत दोन रिकामी पोती अंथरली, आणि मग ते अलगद वर ठेवलं.