लाल तारेचा तुकडा

दत्तादादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाडच्या एमआयडीसीत एका कॅन्टीनच्या फ्रीजरपुढे उकिडवा बसलो होतो. "दादा गेला रे... पोलादपूरला, सकाळीच. छातीत कळ आली," त्याचा पुतण्या म्हणाला. हातातल्या प्रेशर गेजचा काटाच बघत राहिलो, मूर्खासारखा. आज महिना झाला, आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दादा आमच्या भागातला जुना फ्रीज-एसी मेकॅनिक. त्याच्या हाताखाली शिकलो आणि चार वर्षांत स्वतःला मोठा शहाणा समजायला लागलो. तेव्हाच पूर आला. नदीकाठच्या शेवंताकाकींच्या दूध केंद्रात पाणी शिरलं. ओसरल्यावर दूध थंड ठेवणारं मशीन मी सुकवलं आणि कंडेन्सर, म्हणजे आतली गरमी बाहेर टाकणारी ती जाळी, पाइप लावून समोरून चकाचक धुतली. झालं! सावित्री नदीचं पाणी उतरलं की आम्ही सगळे असंच करतो, दिसतो तेवढा गाळ धुतो.

दुसऱ्या सकाळी टाकीत साऱ्या वाड्यांचं दूध, आणि मशीन दहा मिनिटं चालून बंद. प्रेशर फार वाढलं की मशीन बंद करणारा एक स्विच असतो, तो सारखा पडत होता. बाहेर कॅन घेऊन बायका उभ्या. काकी म्हणाल्या, "दूध नासलं तर कुनाकुनाला तोंड दाखवू रे?" माझी अक्कल गहाण पडली. स्विचच बिघडलाय असं मी स्वतःला पटवलं आणि लाल तारेचा तुकडा जोडून तो बायपास केला, म्हणजे स्विच असून नसल्यासारखा. मशीन सुरू! काकींनी पाठीवर हात ठेवला. काटा मात्र चढत होता... साडेतीनशे, चारशे, त्याच्याही वर. कॉम्प्रेसरचा आवाज जड झाला. तरी मी बंद केलं नाही. काकींचा हात अजून पाठीवर होता ना.

दादा दारातून आला तो थेट मेन स्विचवर. "बाहेर व्हा सगळी!" इतकं ओरडताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मग तार उपटून खिशात घातली आणि जाळीच्या दोन थरांमध्ये बॅटरी मारली. मी समोरून मारलेल्या पाण्यानं सगळा गाळ मध्ये जाऊन बसला होता, वाऱ्याला वाटच नव्हती. "मशीन गुदमरलंय, नि तू त्याचं तोंड बांधलंस, गाढवा," तो हळूच म्हणाला. पंखा काढून त्यानं आतून बाहेर पाणी मारलं. किती तरी वेळ चहासारखं पाणी वाहत होतं. पुन्हा चालू केलं तेव्हा काटा अडीचशेजवळ थांबला. दूध वाचलं. तारेबद्दल त्यानं माझ्यापाशी पुढे चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

तेराव्याला वहिनींनी त्याची गेजची पेटी मला दिली. आत नळ्यांखाली तो लाल तुकडा होता, नीट गुंडाळून ठेवलेला. मला तिथंच रडू फुटलं.

गेल्या आठवड्यात काकींचा फोन आला, मशीन परत बंद पडतंय. तीच पेटी घेऊन गेलो. कामाला हात लावायच्या आधी बोलून टाकलं, "काकी, पुराच्या वेळी मशीन बंद करणारा स्विच मी तारेनं बांधला होता. कॉम्प्रेसर फुटला असता... तुम्ही शेजारीच उभ्या होतात."

काकी कॅन विसळत होत्या. "म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "दत्तानं त्याच सांजेला सांगितलंन. मी म्हनलं, ह्याला परत दारात उभा करायची नाय. तर म्हनला, काकी, ह्यापुढं त्यालाच बोलवा. तो आता जल्मात तार मारनार नाय."

मी पेटी उघडली, तार बाजूला ठेवली आणि आधी पंखा काढला.