ओला रंग आणि काकूंची नदी

रंगकाका कुणाच्याही घरी गेले, की आधी दारावर नख घासून बघत, रंगाचे किती हात दिलेत ते सांगत आणि मग नमस्कार करत.

अमेरिकेतल्या ट्रॉय या मोटारींच्या गावात नव्यानं आलेल्या आम्हा मराठी इंजिनिअरांचे ते काका. एका मोटार कारखान्यात रंगाच्या खात्यात होते. ऐंशीच्या दशकात बाकीच्यांनी घरं घेतली. काकांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एरी कालव्यावरची एक जुनी लोखंडी बोट घेतली. लांबलचक, आणि इतकी अरुंद की आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पलंगावर चढायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काका-काकू बोटीवर जात आणि मला टायर धरायला नेत. कालव्यात जागोजागी लॉक असतं, म्हणजे दोन दारांमधला सिमेंटचा हौद. बोट आत घ्यायची, पाणी उतरलं की पुढचं दार उघडतं. तेवढ्यात बोट भिंतीला घासू नये म्हणून मधे जुना टायर धरायचा. एवढं शिकलेला मी तो नेहमी घासून झाल्यावर धरत असे.

"ओरखडा म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण," असं म्हणून काका लॉकबाहेर पडताच बोट काठाला बांधत. सँडपेपर, प्रायमर, रंग, आणि वाळेपर्यंत मुक्काम. वाळला की पुढचं लॉक, पुढचा ओरखडा. सुट्टी दरवर्षी अर्ध्या वाटेत संपायची. काकूंना मात्र कालवा हडसन नदीला मिळतो ती जागा बघायची होती. रंग वाळताना बघायला मी सुट्टी घेतलेली नाही, असं त्या कांदा चिरता चिरता मला ऐकवत. ऐकायचं काकांनी असे.

मग काकांची टेक्सासला बदली झाली आणि बोट विकायची ठरली. घेणारा अमेरिकन भला होता; तुमची सुट्टी संपेल तिथं येऊन ताबा घेतो म्हणाला. म्हणजे हा शेवटचा प्रवास. विकताना एकही ओरखडा नको म्हणून काकांनी रंगाचे दुप्पट डबे भरले.

प्रत्येक लॉकवरच्या माणसाला काकू बेसनाचा लाडू देत आणि सोबत रंगाचा एक डबा. मला हे दिसत होतं. पण लाडू मलाही मिळत होते.

एका सकाळी काकांना रंगाचं कपाट रिकामं सापडलं. डबे कुठे गेले ते काकूंनी शांतपणे सांगितलं. काकांनी बोट सोडली आणि सुकाणू धरलं. मग काठाकडे बघत म्हणाले, "अगं, ही झाडं गेल्या वर्षी होती का?"

"होती. तुमची पाठ होती त्यांच्याकडे."

हडसनला पोचलो तेव्हा बोट दोन्ही बाजूंनी मांजरानं ओरबाडल्यासारखी दिसत होती. घेणारा धक्क्यावर उभाच होता. काकांनी त्याची माफी मागितली आणि लगेच प्रायमरचा पहिला हात कसा द्यायचा ते समजावू लागले. तिकडे काकू धक्क्याच्या पायरीवर नदीत पाय सोडून बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही. काकांचंच लक्ष तिकडे गेलं आणि वाक्य मधेच थांबलं.

"एक मिनिट," असं त्याला म्हणून ते बूट-मोजे काढून काकूंच्या शेजारी जाऊन बसले.

तो बिचारा बराच वेळ दुसऱ्या हाताची वाट बघत होता. शेवटी किल्ली मीच दिली.