नळाचं वायसर

माझं ऑपरेशन डॉक्टरांनी बिघडवलं, असं मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांना, एसटीतल्या जुन्या सोबत्यांना, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांनासुद्धा. "त्या डॉक्टरनं नळाचं वायसरच काढून टाकलं," हे माझं ठरलेलं वाक्य होतं. लोक हसत आणि हसता हसता डॉक्टरांचं नाव लक्षात ठेवत. ती गोष्ट खरी नव्हती. सांगताना मला ते माहीत नव्हतं, पण खरं काय ते विचारावं असंही कधी वाटलं नव्हतं. माझ्या त्या एका वाक्यामुळे माझ्या चुलत भावाचे उपचाराचे महिने वाया गेले. म्हणून हे लिहितो आहे.

मी एसटीत होतो. आधी कंडक्टर, नंतर औरंगाबादच्या स्टँडवर कंट्रोलर. गाडी येणार नसेल तर मी तसं सांगून टाकत असे. "येईलच आता" म्हणत माणसाला फलाटावर ताटकळत ठेवायचं नाही, हा माझा शिरस्ता. कन्नडची शेवटची गाडी रद्द झाली की लोक माझ्यावर चिडत, माझ्या खिडकीवर हात आपटत. पण त्यांना जीप गाठायला वेळ मिळे. परक्या माणसांना मी इतकं सरळ सांगत आलो, आणि माझ्या घरच्यांनी मला दोन वर्षं "येईलच आता"वर बसवून ठेवलं.

सुरुवात साधीच होती. लघवीला सारखं जावं लागे आणि गेलं की थेंब थेंब. मुलानं पुण्याहून येऊन मला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, फोटो झाले, आतला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर आम्ही परत गेलो. मी पुढच्या खुर्चीवर बसलो, मुलगा मागे उभा राहिला. डॉक्टर कागद पाहून बोलायला लागले आणि मध्येच थांबले. माझ्या खांद्यावरून मागे कुठंतरी त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा. मुलाशी ऑपरेशनच्या तारखेचं बोलून घेतो."

मी बाहेर जाऊन बसलो. मुलगा बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा म्हणाला, प्रोस्टेट वाढलंय, काढलं की मोकळं, या वयात सगळ्यांनाच होतं. घरी आल्यावर बायकोनंही तेच शब्द त्याच क्रमानं म्हटले. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. पुढे एका कागदावर मुलानं बोट ठेवलं तिथं मी सही केली. चष्मा घरीच राहिला होता.

ऑपरेशनला अजून महिनाभर अवकाश होता. बायको कॉलनीतल्या योगाच्या वर्गाला जाते. एके दिवशी ती म्हणाली, उद्यापासून माझ्याबरोबर बसा, मूलबंध शिकवते. खालचा भाग आत ओढून धरायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा. मी म्हटलं, आता या वयात कोणत्या गुहेत जाऊन बसायचंय मला? दोन सकाळी बसलो, तिसऱ्या दिवशी उठलोच नाही. ती रोज आठवण करायची आणि मी रोज काहीतरी बोलून उडवून लावायचो. एकदा तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, वयामुळे हळवी झाली आहे.

ऑपरेशन झालं. लघवीची नळी काढली त्या दिवशी मी पलंगावरून उठून उभा राहिलो आणि उभ्याउभ्या पायजमा ओला झाला. नर्स म्हणाली, होतं सुरुवातीला. मुलगा म्हणाला, महिन्याभरात थांबेल. महिना झाल्यावर तो म्हणाला, सहा महिने लागतात. सहा महिन्यांनी म्हणाला, वर्षभर वाट बघायला सांगितलंय. मी फलाटावर उभाच होतो.

ज्याला हे होत नाही त्याला ज्या गोष्टी मोठ्या वाटतात त्या खऱ्या मोठ्या नसतात, खरा जाच बारीकसारीक गोष्टींचा असतो. खोकला आला की गळतं. खुर्चीवरून उठलं की गळतं. मनापासून हसलं की गळतं, म्हणून मी हसणंच कमी केलं. पांढरे लेंगे कपाटात गेले आणि काळ्या पँट आल्या. आमच्याकडे नळाला आठवड्यानं पाणी येतं, कधी त्याहूनही उशिरा. त्यामुळे घरात कोण किती पाणी वापरतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. रोज धुवाव्या लागणाऱ्या चादरी लपवायच्या कुठं? बायको ड्रममधलं पाणी मोजून मापून त्यांवर घालायची आणि एक शब्द बोलायची नाही. पुढे मी पॅड वापरायला लागलो. ते आणायला कॉलनीतल्या मेडिकलवर जात नसे. रिक्षा करून क्रांती चौकाच्या पलीकडे जाई, जिथं मला कोणी ओळखत नव्हतं.

सुनेच्या माहेरचे एकदा आले तेव्हा सगळे वेरूळला गेलो. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांनी उघड्या अंगानं जायचं असतं. बाकीच्यांनी सदरे काढले. मी गुडघा दुखतो म्हणून बाहेर थांबलो आणि सगळ्यांच्या चपला सांभाळल्या. ओल्या पॅडनं पिंडीला हात लावायचं मला धाडस झालं नाही. व्याही बाहेर आले आणि म्हणाले, "काय हो, देवाशी भांडण झालं का?" मी म्हटलं, देवाशी नाही, डॉक्टरशी. आणि तिथंच, चपलांजवळ उभा राहून, मी त्यांना वायसरची गोष्ट सांगितली. सदऱ्याची बटणं लावता लावता ते पोट धरून हसले.

माझा चुलत भाऊ कन्नडजवळ गावी राहतो, शेती करतो. माझा जन्म हैदराबादच्या पोलीस अॅक्शननंतरचा, त्याचा माझ्यानंतरचा. लहानपणी एका विहिरीत पोहायला शिकलो. तो आला तो दिवस नळाला पाणी येण्याचा होता, बायको पाइप घेऊन ड्रम भरत होती. त्यानं शेतातल्या आल्याची पिशवी दारात ठेवली आणि थेट विषयाला हात घातला. लघवीला लई वेळा उठावं लागतं, रक्तातला आकडा वाढलाय म्हणतेत, तुकडा काढून तपासायला सांगितलंय, अमुक डॉक्टर चांगला म्हणतेत. तो अमुक डॉक्टर म्हणजे माझेच डॉक्टर.

"त्या माणसाच्या पायरीवर पाय ठेवू नको," मी म्हटलं. "माझं काय झालंय बघ. धडधाकट गेलो होतो."

मी त्याला आतल्या खोलीत नेऊन पॅड दाखवलं. त्याच्याआधी मी ते कोणाला दाखवलं नव्हतं. तो पलंगाच्या कडेला टेकला. मग वायसरची गोष्ट ऐकून हसला आणि म्हणाला, घाटातला एक माणूस पावडर देतो, ती घेऊन बघतो. मी म्हटलं, बघ. बायको दारात उभी होती. हातातल्या पाइपातून पाणी फरशीवर वाहत होतं, आणि आमच्या घरात पाणी असं कधी सांडत नाही.

त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी त्याच्या मुलाचा फोन आला. तो साखर कारखान्यात नोकरीला आहे. म्हणाला, बापूंची कंबर इतकी धरलीय की उठवत नाही. फोन ठेवून मी बायकोला सांगितलं. ती चादर पिळत होती. तिनं चादर तशीच बादलीत टाकली, हात पुसले आणि माझ्यासमोर पाटावर बसली.

"डॉक्टरांचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला कॅन्सर होता. ते गळणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. काही जणांचं थांबतं, काही जणांचं राहतं, असं म्हणाले होते. ऑपरेशनआधी महिनाभर तो व्यायाम करून घ्या, त्यानं फरक पडतो, हेही म्हणाले होते. म्हणून मी तुम्हाला मूलबंधाला बसवत होते."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"मुलानं डॉक्टरांना तसं सांगितलं आणि मी हो म्हटलं. कॅन्सरचं नाव ऐकून तुम्ही टेबलावर गेलाच नसता. आणि त्या दिवशी भावजींना तुम्ही जाऊ नको म्हणालात, तेव्हाच माझ्या तोंडातून निघणार होतं. नाही निघालं. आता ते पाप माझ्याही डोक्यावर आहे."

दर काही महिन्यांनी रक्त तपासायला नेत, ते गाठ परत वाढू नये म्हणून, असं मला सांगितलेलं होतं. कपाळावर लिहिलेलं सगळ्या घराला वाचता यावं आणि ते ज्याचं कपाळ त्यालाच दिसू नये, तसं माझं झालं होतं. नातवालाही माहीत होतं. मुलगा पुण्याहून आला, समोर बसला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही जगलात ना?" जगलो, हे खरंच आहे. पण मूलबंध कशासाठी ते कळलं असतं, तर मी खोलीचं दार लावून दिवसभर केला असता. ज्या शरीराचं सगळं बरंवाईट मलाच भोगायचं होतं, त्याची बातमी माझ्याखेरीज सगळ्यांना होती. मुलाशी मी बोलतो, पण तो तब्येतीचं काही सांगायला लागला की आता मी रिपोर्ट मागून घेतो आणि आधी चष्मा लावतो.

भावाला मीच गाडी करून शहरात आणलं आणि त्याच डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. रिपोर्टच्या दिवशी तो पुढच्या खुर्चीवर बसला, त्याचा मुलगा मागे उभा राहिला. मी बाजूला भिंतीजवळच्या खुर्चीवर होतो.

डॉक्टर कागद पाहून बोलायला लागले. तेवढ्यात मला दिसलं. मागे उभ्या असलेल्या मुलानं छातीपाशी हात धरला होता, तळवा डॉक्टरांकडे, आणि तो मान हलवत होता. नाही, नाही. डॉक्टर थांबले. त्यांनी भावाच्या खांद्यावरून मागे पाहिलं. माझ्या वेळी माझ्या पाठीमागे काय झालं होतं, ते मी पहिल्यांदा पाहत होतो.

"त्याला बाहेर बसवू नका," मी म्हणालो. "जे काय असेल ते त्यालाच सांगा."

भावानं मान वळवून मुलाकडे पाहिलं. मुलाचा हात अजून तसाच होता, त्यानं तो सावकाश खाली घेतला. मग भावानं खुर्ची पुढे ओढली.

"सांगा, साहेब. कुठवर आलंय?"

डॉक्टरांनी सांगितलं. मणक्यापर्यंत गेलं होतं. आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता. इंजेक्शनं आणि गोळ्या होत्या, त्यांनी आजार बराच काळ दाबून ठेवता येतो, दुखणंही कमी होतं. आधी आला असतात तर वेगळं बोललो असतो, एवढं ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मी म्हटलं, तो आधी आला नाही तो माझ्यामुळे. तुमच्याबद्दल मी गावभर काय बोललो तेही तुम्हाला सांगायला हवं.

"मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "माझ्या इथल्या पेशंटांनीच सांगितलं." पुढे म्हणाले, "पण तुम्हाला बाहेर बसायला मीच सांगितलं होतं, काका. तेवढं माझंही आहे."

भाऊ आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. सगळं त्याच्या ध्यानात आलं असावं.

"तुम्हाला बी असंच केलं व्हतं, दादा?"

"व्हय."

"मंग मला नको जाऊ म्हणला, तवा तुम्हाला ठावंच नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणालो. ते खरं होतं, तरी मुलाच्या अर्ध्यामुर्ध्या खऱ्या उत्तरांसारखंच ते माझ्या कानाला लागलं.

त्यानं टेबलावरचे कागद गोळा करून मुलाच्या हातात दिले. मग म्हणाला, "ऑपरेशन नाय म्हणजे माझं वायसर शाबूत राहिलं म्हणायचं."

तो मुलाच्या आधारानं उठला आणि दाराकडे गेला. मी मात्र लगेच उठलो नाही. उठलो की काय होतं ते मला माहीत होतं आणि त्या दिवशी पॅड आधीच भरलेलं होतं. डॉक्टरांनाही ते कळलं असणार. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली नाही. दारातून भावानं मागे वळून विचारलं, "येता ना, दादा?" मी म्हटलं, हो, आलोच.