साखळीचं वरचं टोक

दोन हजार चोवीसचा मे महिना. केजमध्ये माझं पाइप-पत्र्याचं दुकान आहे. वरच्या खोलीत नसरीनचं संगणकाचं ऑफिस, हाताखाली सुधीर. मी चौथी शिकलेला. दुपारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून वर जाऊन बसतो. बसणाऱ्याजवळ किस्से आपोआप साठतात.

पहिल्या दिवशी विचारलं, "काय करता?"

"मशीन हळू कावून चालतं ते शोधतो," सुधीर म्हणाला. "चालू कामात मशीनला दर क्षणी विचारायचं, आता काय करतोस? कोणी सांगितलं? त्याला कोणी सांगितलं? अशी साखळी निघती."

"हे तर पोलीस करतात."

"पोलिसांना पुरं उत्तर मिळतं, मामा. आमची साखळी मधेच तुटती."

एकदा पडद्यावरच्या साखळीत कामांची नावंच येईनात, नुसते आकडे. सुधीर सकाळपासून डोकं धरून. नसरीनने विचारलं, "लॉगिन कोण म्हणून केलंस?" साधा माणूस म्हणून केलं होतं, मशीनचा मालक म्हणून नाही. कर्नेल म्हणजे संगणकाच्या आतला मुख्य कारभारी. तो आपल्या कामांची नावं मालकाशिवाय कोणाला सांगत नाही. मला पटलं. मीही कोणाला गल्ल्याजवळ येऊ देत नाही.

नसरीनचे वडील बशीरभाई जीपचे मेकॅनिक. ते आले आणि म्हणाले, "आमी बॉनेट उघडतो. तुमी काय उघडता?"

"काहीच न्हाई अब्बा. गाडी पळतानाच बघायचं."

बशीरभाई चहा न पिताच उठले. "मग बिल कशाचं लावता?"

एका गिऱ्हाइकाचं मशीन रोज दुपारी अडकायचं. साहेब फोनवर म्हणाले, "ज्याने बिघडवलं त्याला काढा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

नसरीनने साखळी घेतली होती. खाली कर्नेलचं डिस्कवर लिहिणं, त्याला सांगणारा सुधीरचा प्रोग्राम. त्याच्या वर कोणी नाही. फोन चालू असतानाच नसरीन म्हणाली, "सुधीर, हे तुझंच हाय."

फोन बंद झाल्यावर सुधीर पिशवी भरू लागला. भरता भरता म्हणाला, "माझ्या प्रोग्रामला कोणी बोलावलं ते दिसत न्हाई. कावून?"

"वर कोणी न्हाई म्हणून."

"का साखळीच तिथं संपवलीय म्हणून?"

नसरीनने सेटिंग उघडलं. अहवाल एका पानात मावावा म्हणून साखळी किती लांब दाखवायची याची हद्द तिनेच घातली होती. वरचं सगळं कापलं जात होतं. तिने हद्द काढली, साखळी पुन्हा घेतली. सुधीरच्या वर आणखी नावं आली. सगळ्यात वर नसरीनचा स्वतःचा प्रोग्राम. तो सुधीरच्या प्रोग्रामला तीच फाइल पुन्हापुन्हा लिहायला लावत होता.

तिने तो दुरुस्त केला आणि साहेबांना फोन लावला. मी उठलो.

"मामा, बसा. मघाशी तुमी होता, आता बी राहा."

स्पीकर चालू केला. "साहेब, चूक सुधीरची नाही. माझी आहे. काढायचं तर मला काढा."

साहेबांनी विचारलं, "मशीन चाललं का?"

"चाललं."

"मग काम चालू ठेवा."

नसरीन सुधीरकडे वळली. "माझं देणं फिटलं?"

"फिटलं."