कुत्र्याला सोडायला समुद्रापर्यंत

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, म्हणून नगरातल्या बऱ्याच मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. मोटारीच्या पाठीला माणसाएवढी भट्टी बसवलेली असे. तिच्यात लोणारी कोळसा भरायचा, पेटवायचा आणि हाताने पंखा फिरवत बसायचं. अर्ध्या तासाने गॅस धरला तर धरला, नाहीतर पुन्हा पंखा. चढ आला की मोटार म्हाताऱ्या बैलासारखी उभी राहायची. मग उतारूंनी खाली उतरून ढकलायची आणि माथ्यावर पुन्हा चढून बसायचं.

आमचे हे अशाच एका मोटारीवर ड्रायव्हर होते. नगर ते पाथर्डी. मी मूळची अलिबागकडची, रेवदंड्याच्या अलीकडच्या एका वाडीतली. चौथीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि समुद्राकाठची मी थेट नगरात येऊन पडले. हे दिवसदिवस मोटारीवर, आणि मी खोलीत दाराला कडी लावून. उंदीर पळाला तरी मला चोर वाटे. ते ओळखून यांनी पाथर्डीच्या वाटेवर एका धनगराकडून पिल्लू मागून आणलं. पांढरंशुभ्र, एक कान तेवढा काळा. नाव काही ठेवलं नाही. ‘यू यू’ केलं की येई. त्याच्या जिवावर मी नगरात टिकले.

पण धनगराचं कुत्रं ते. मेंढरं नव्हती, म्हणून माणसं वळायला लागलं. नळावर बायका चार ठिकाणी उभ्या दिसल्या की त्याला चैन पडेना. गोल फिरून, घोट्यांना नाक लावून सगळ्यांना एका जागी आणल्यावरच ते बसायचं. इथवर बायका हसत होत्या. पण संक्रांतीला घरमालकीणबाईंकडे हळदीकुंकवाला बड्याबड्या घरच्या बायका आल्या, आणि त्या जायला निघाल्या तेव्हा याने सगळ्या जणींना अंगणातल्या तुळशीपाशी गोळा केलं आणि कोणाला हलू दिलं नाही. एखादी निसटलीच, तर वळसा घालून तिला परत आणी. मी पाण्याला गेले होते. आले तर वकिलीणबाई तिळगुळाची वाटी डोक्यावर धरून उभ्या आणि बाकीच्या त्यांच्या आडोशाला.

घरमालकीणबाई मला एवढंच म्हणाल्या, “बाई, कुत्रं तरी ठेव, नाहीतर खोली तरी ठेव.”

मला त्यांचा राग आला नाही. बाजरीची भाकरी थापायला त्यांनीच शिकवलेलं, हिवतापात माझ्या उशाशी त्याच बसलेल्या. त्यांच्यापुढे तोंड कसं उघडू? धनगरांना परत द्यावं, तर ते मेंढरं घेऊन कुठल्या मुलखात गेलेले. शेवटी ठरलं, कुत्रं माझ्या माहेरी नेऊन सोडायचं. मी ‘बरं’ म्हणाले आणि चुलीकडे तोंड करून बसले.

“कुत्रंच हाय ते,” हे म्हणाले. “त्याला काय, हितं काय आन् तितं काय.” पण त्या दिवशी यांनी अर्धीच भाकरी खाल्ली आणि अर्धी त्याच्यापुढे टाकली.

मोटारीचे मालक वयस्कर मुसलमान गृहस्थ, त्यांचं किराणा दुकानही होतं. ते यांना म्हणाले, “बेटा, असं कर, मोटार घेऊनच जा. येताना माझ्या दुकानाला नारळ भरून आण. आणि पुण्यापर्यंत उतारू घे, ढकलायला माणसं नकोत का?” त्यांचं हे बोलणं आठवलं की आजही माझे हात आपोआप जोडले जातात.

मला मात्र रात्रभर धास्ती, भट्टी फुटली तर? घाटात मोटार मागे घरंगळली तर? आई म्हणाली, कुत्रं नको, तर? आणि आई म्हणाली, राहू दे, तर? या शेवटच्या धास्तीला तर काही उपायच नव्हता.

कामरगावच्या घाटात मोटार ठरल्याप्रमाणे उभी राहिली. उतारू कुरकुरत उतरले, पण पुढच्या बाकावरचे एक अगडबंब आडत्ये हलेनात.

“मी जड माणूस,” ते म्हणाले. “मी उतरून ढकलण्यापेक्षा बसून जोर लावतो.”

कुत्रं आत गेलं. काय केलं दिसलं नाही, पण आडत्ये धोतर सावरत भराभर खाली आले. मग त्याने सगळ्या उतारूंना भट्टीच्या दोन बाजूंना दाटीवाटीने उभं केलं, अगदी जिथून जोर लावायचा तिथे. एक जण आडोसा शोधत झुडपामागे निघाला, त्यालाही परत आणलं. माथ्यावर पोचल्यावर सगळ्यांना मोटारीत कोंबून ते पायरीवर आडवं झालं.

“बगितलंस?” हे हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकत म्हणाले. “मालकानं ह्याला पगार द्याया पायजे.” मग यांनी पायरीकडे एकदा बघितलं आणि मोटार पुढे काढली.

पुण्याला उतारू उतरले, मग आम्ही तिघंच. खंडाळ्याचा उतार मोटारीला फार आवडला. अलिबागच्या अलीकडे कार्ल्याची खिंड मात्र चढणीची, आणि ढकलायला मी एकटी. मी पदर खोचून मागे गेले, तोवर कुत्र्याने बाजाराला चाललेली पाचसहा माणसं रस्त्यावरून वळवून आणली. कोणाची मोटार, कुठे चालली, काही न विचारता ते बिचारे ढकलू लागले. एकाच्या डोक्यावर कोंबड्यांची डालगी होती, ती त्याने खाली ठेवली नाही.

अलिबागेपुढे समुद्र दिसला. आमचं लग्न नगरातच लागलेलं, त्यामुळे यांनी तो जन्मात पाहिला नव्हता. मोटार थांबवून, चपला हातात घेऊन हे वाळूतून खाली गेले, ओंजळ भरली आणि चाखली.

“खारटच हाय की.”

“मग मी काय इतकी वर्षं खोटं सांगत होते?”

“खोटं न्हाई गं. पर मला वाटलं, माहेरचं हाय म्हनून वाढवून सांगतीया.” बराच वेळ बघून म्हणाले, “येवढं पानी आन् तोंडात धरवंना. आमच्या पाथर्डीला कळालं तर लोक रडतील.”

कुत्रं तेवढ्यात कामाला लागलं होतं. लाट आली की भुंकत तिच्या अंगावर जायचं. लाट मागे सरली, की मान ताठ करून आमच्याकडे बघायचं, घातली परत कळपात. तेवढ्यात दुसरी यायची. मी हाका मारून दमले. शेवटी एका मोठ्या लाटेने त्यालाच वळून आणलं आणि आमच्या पायाशी टाकलं. ओल्या अंगाला भट्टीची काजळी लावून घेत घरापर्यंत ते शिंकत आलं.

माहेरच्या वाडीत शिरलो तेव्हा आई अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. पंखा फिरवून, भट्टी ढोसून आम्ही दोघं कसे दिसत असू, याचं मला भानच नव्हतं. आईने मान वर केली आणि म्हणाली, “आम्हास नको हो कोळसा. परवाच घेतला.”

“आई, मी.”

ती जवळ आली, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. मग यांच्याकडे बघून डोक्यावर पदर ओढला आणि घरात पळाली. जावयाला आपण दारातून परत पाठवत होतो, या शरमेने तिने पुढे यांना इतकं वाढलं की विचारू नका. यांना माशांच्या काट्यांची भीती. प्रत्येक घासाला हे माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की गिळायचे.

कुत्र्याचा विषय मीच काढला. आई म्हणाली, “राहू दे की गो. वाडीत माकडं येतात, राखण होईल. पण पांढरा म्हणालीस ना?”

भावाने त्याला विहिरीवर नेऊन चांगला घासला, पांढरा केला. म्हणजे सगळं ठरल्यासारखंच झालं. कोणी नाही म्हणालंच नाही.

नारळ भरून झाले त्या सकाळी भावाने काथ्याच्या दोरीने त्याला माडाला बांधलं. पेट्रोलची मोटार असती, तर हँडल मारून डोळे पुसत निघून गेलो असतो. पण ही कोळशाची. अर्धा तास पंखा फिरवणं आलं, आणि समोर तो. तो ओरडला नाही. आईला, भावाला, मला बघे, आणि आम्ही इतके पांगून का उभे, हे त्याला कळत नसावं. दोरी ताणून तो तेवढ्यातल्या तेवढ्यात गोल फिरायला लागला.

हे पंखा फिरवत होते. भट्टी लालबुंद झाली, गॅसचा वास सुटला, नळीशी काडी धरली की निळी ज्योत भकभक जळेल इतका. यांनी काडी धरलीच नाही.

“धरला वाटतं गॅस,” मी म्हणाले.

“न्हाई धरला.”

“अहो, वास येतोय.”

“तुला काय कळतंय गॅसातलं?” हे पंखा फिरवतच राहिले. घाम काळा होऊन मानेवरून उतरत होता. भाऊ पुढे झाला, “भावोजी, मी फिरवू का?” याला हे नाही म्हणाले. शेवटी कोळसा जळून राख व्हायला आली, तशी माझ्याच्याने राहवेना. मी म्हणाले, “असा पंखा फिरवून काय होणार? सोडा त्याला.”

यांनी पंख्याचं हँडल तिथेच टाकलं. दोरी सोडताना आईला म्हणाले, “न्हाई, त्याचं आसं हाय, खंडाळ्याच्या चढाला मानसं लागत्यात. हा नसला तर नारळ हितंच ऱ्हायचे.” आई म्हणाली, “तर काय, नारळ जायला हवेत.” आणि पदर तोंडाला लावून हसली.

भट्टीत पुन्हा कोळसा भरला, पुन्हा पंखा. वाटेत मी विचारलं, “पण राहायचं कुठे?”

“मोटार हाय की.”

मला वाटलं, थट्टा. थट्टा नव्हती. घरमालकीणबाईंच्या मी पाया पडले, त्यांनी डोळे पुसले, निघताना परात भरून पीठ दिलं, पण कुत्र्याला उंबरा ओलांडू दिला नाही. दुसरी खोली मिळेपर्यंत मोटारमालकांनी आम्हाला मोटारीत राहू दिलं. रात्री बाकांवर अंथरूण, पहाटे मोटारीमागे तीन दगडांची चूल, आणि उतारू यायच्या आत सगळं आवरायचं. एकदा मला उशीर झाला. पाथर्डीचे एक आजोबा आधीच चढून बसले होते, शेजारी माझ्या पिठल्याची कढई, आणि कुत्रं त्यांना जागचं हलू देईना. त्यांनी कढईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “लेकी, हे भाड्यातच हाय का येगळं?”