तोफवहिनी आणि ओढ्यावरचा ठोक्या

वस्तीवर सगळे तिला तोफवहिनी म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. राग आला की ती धडाडायची, आणि राग तिला रोज यायचा, कारण पाणी रोज लागायचं. घर टेकडावर, ओढा पायथ्याशी. मधली चढण अशी, की रिकाम्या हाताने चढणाराही धापा टाकील. लग्न होऊन आल्यापासून ती डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन ती चढण चढत होती. तिच्याआधी सासूबाई चढायच्या. त्यांची मान आता डावीकडे कलली होती ती कललीच.

आणि घरातले पुरुष? नवरा सुतार. गावभर लोकांची दारं-खिडक्या बसवायचा आणि घरी आला की हातपाय धुवायला त्याला बादलीभर पाणी हवं. "वीज आली की मोटर बसवू," हे पालुपद त्याच्या वडिलांनी सुरू केलं. ते गेले, आणि यानं ते इमानेइतबारे पुढे चालवलं.

एक दिवस हा गृहस्थ बाजारातून लहानसा हंडा घेऊन आला. चकचकीत, हातात मावेल असा.

"लेक मोठी झाली आता," तो म्हणाला. "तुला तेवढाच हातभार."

तोफवहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हातभार? यात तुमचा हात कुठाय? माझ्या पोरीच्या डोक्यावर हंडा चढला ना, तर मी या घरात राहायची नाही. सांगून ठेवते!" तिने लाथेने हंडा पलंगाखाली सारला आणि सकाळ होताच भावाचं घर गाठलं.

भाऊ पाइपफिटर. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "ताई, ओढ्याला एवढा उतार आहे, मग तुला मोटर हवीय कशाला?"

तो लोखंडी पाइप, दोन झडपा आणि एक जाडजूड नळकांडं घेऊन आला. ओढ्याच्याच वरच्या डोहातलं पाणी पाइपातून जोरात खाली यायचं. त्या जोरानं झडप खाडकन मिटायची. अडलेल्या पाण्याला जायला जागा नाही, मग त्यातलं थोडं धक्क्यासरशी दुसऱ्या नळीतून टेकडावर चढायचं. की झडप पुन्हा उघडायची, बाकीचं पाणी ओढ्यात सांडायचं, पुन्हा खाडकन. वीज नको, तेल नको. ठक्, ठक्, ठक्, दिवसरात्र. वस्तीनं त्याचं नाव ठोक्या ठेवलं.

अंगणातल्या टाकीत बोटाएवढी धार पडू लागली. तोफवहिनी हसली. ती हसली याची वस्तीत दोन दिवस चर्चा होती.

सुतारानं मात्र नाक मुरडलं. "केवढं पाणी वाया जातंय! ती झडप बांधून टाकली पाहिजे."

सासूबाई टाकीजवळ उभ्या राहून कितीतरी वेळ धार बघत होत्या. मग त्यांनी भावाला विचारलं, "हे यंत्र नवीन निघालंय का रे?"

"छे हो मावशी! फार जुनं. तुमच्या सासूच्याही जन्माआधीचं असेल."

त्या दिवशी सासूबाई जेवायला उठल्या नाहीत. पोट बरं नसेल म्हणून कुणी विचारलंही नाही.

काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी ठोक्या गप्प झाला. टाकीतली धार थेंबांवर आली, थेंबही थांबले.

"म्हटलं नव्हतं?" सुताराला जोर चढला. "असल्या खटपटीचं काही खरं नसतं." आणि त्यानं पलंगाखालून तो लहान हंडा ओढून काढला. "पोरीला पाठवू. प्यायला तरी होईल."

तोफवहिनी तडक चढण उतरत सुटली. मागोमाग हा, हंडा हातात घेऊन. खाली येऊन बघते तर झडप चिंधीनं करकचून बांधलेली!

"तुम्हीच!" ती गर्रकन वळली. "लाज नाही वाटत? स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्यानं केलेलं बघवत नाही! पोरीची मान मोडली की मगच पोट भरणार का तुमचं?"

"अगं, मी हातसुद्धा लावला नाही..."

"त्यानं नाही. मी बांधली."

खडकाआड सासूबाई बसल्या होत्या. शेजारी जाते म्हणून सकाळीच निघालेल्या. तोफेत दारू ठासून भरलेली, पण तोंड वळवायचं कुणाकडे?

"आई, तुम्ही? का?"

"ठक् झालं की माझ्या मानेत कळ उठते," सासूबाई म्हणाल्या. "जुनं आहे म्हणे! मग माझ्या वेळी कुठे मेलं होतं? अंगात ताप घेऊन चढले मी. नववा महिना लागला होता तेव्हा चढले. मला वाटायचं, पाणी आपण होऊन वर चढतच नाही, त्याला बाई लागतेच. तुझ्या सासऱ्यांना म्हटलं, काहीतरी करा. तर म्हणाले, तू आहेस की!"

सुतार चाचरला. "आई, तू मला कधी बोलली नाहीस."

"तुझ्यासमोरच बोलले. तू पाणी पीत होतास."

सुतारानं हातातला हंडा खाली ठेवला.

सासूबाई उठल्या. दातओठ खात त्यांनी चिंधी सोडली. ठोक्या थांबला की आधी पायानं झडप दाबून द्यावी लागते, मग तो आपला आपण चालतो. सासूबाईंनी टाच ठेवली आणि दाबली, पुन्हा दाबली, जणू कुणाच्या तरी छाताडावर पाय देत होत्या. तोफवहिनीनं आधाराला त्यांचा दंड धरला. ठक्. ठक्. ठक्.

मग त्या लेकाकडे वळल्या. "तो हंडा पोरीसाठी आणलास ना? आधी तू वापरून बघ. भर. डोक्यावर घे."

"आई, आता पाणी जातंय की वर."

"जाऊ दे. तू चढ."

सुतारानं बायकोकडे पाहिलं. तिथून काही मिळण्यासारखं नव्हतं. त्यानं हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि निघाला. दोघी खडकावर टेकल्या आणि बघत राहिल्या. निम्म्या चढणीवर तो थांबला, दोन्ही हात हंड्याला लावून खाली वाकू लागला.

"उतरवू नकोस!" सासूबाई ओरडल्या.

"उतरवू नका!" तोफवहिनी ओरडली.