सल्ला न देणारे लिमये सर

लिमये सर शिकवून झाल्यावर "कळलं का?" असं कधी विचारायचे नाहीत. फळ्यावरचं शेवटचं समीकरण संपलं की खडू खाली ठेवून ते वर्गाकडे वळायचे आणि विचारायचे, "कुणाला कळलं नाही?" मग थांबायचे, आणि खरोखरच थांबायचे. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात मी हात वर केला. धीट होते म्हणून नव्हे, ती शांतता मला सोसवेना म्हणून. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं," ते म्हणाले. "मला एम.एस्सी. झाल्यावर कळलेली गोष्ट या सगळ्यांना अर्ध्या तासात कळली, याचंच वाईट वाटत होतं." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळा पुसला आणि तोच भाग पहिल्यापासून पुन्हा शिकवला, या वेळी मराठीतून.

कर्वेनगरमधल्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे. पन्नाशी ओलांडलेले, उंच, खांद्यात जरा वाकलेले. कोथरूडहून बसने यायचे आणि सकाळच्या पहिल्याच तासाला दिवसभराचं काम उरकून आल्यासारखे दिसायचे. कॉलेजबाहेरच्या भिंतींवर क्लासेसच्या जाहिराती चिकटवलेल्या असत. त्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. त्या बघत सर म्हणायचे, "ही मुलं आमचीच. फक्त आमच्याकडे येत नाहीत."

त्या काळात पुण्यात जो तो कॉम्प्युटरचं बोलत होता. हिंजवडीचं नाव नुकतंच कानावर पडायला लागलं होतं. माझे बाबा यवतमाळकडून येऊन पिंपरीच्या एका कारखान्यात लागलेले. त्यांनी दहावीचा निकाल लागायच्या आतच ठरवून टाकलं होतं, की मी सायन्सला जाणार, जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेणार आणि इंजिनिअर होणार. मराठी शाळेतून आलेली मी. 'बल' आणि 'चाल' एवढं येत होतं. आता सगळं इंग्रजीत आलं आणि ओळखीचे शब्दही अनोळखी झाले. रात्री पुस्तक उघडलं की निम्मा वेळ शब्दकोश चाळण्यात जायचा. ऑगस्टमधल्या चाचणीत गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स, दोन्हींत नापास झाले. शाखा बदलायची मुदत महिनाअखेरीपर्यंत होती. मी प्रयोगशाळेत सरांकडे गेले.

"सर, मी आर्ट्सला जाऊ का?"

"मी सांगणार नाही," सर म्हणाले.

शेजारच्या टेबलावर जगताप सर जर्नलं तपासत होते. तिशीतले, तासांवर पैसे मिळणारे, दर वर्षी नव्याने नेमले जाणारे. घंटा झाली तसे ते वर्गावर गेले. दार लागलेलं बघून मगच लिमये सर बोलले.

"हा जगताप माझा विद्यार्थी. इलेक्ट्रॉनिक्सला निघाला होता. मी म्हटलं, तुझं डोकं शुद्ध भौतिकशास्त्राचं आहे, तिकडेच जा. त्याने ऐकलं. त्याच्याबरोबरच्या पोरांनी कोथरूडला फ्लॅट घेतले. हा आठ वर्षं माझ्यासमोर बसून जर्नलं तपासतोय."

"ते तुम्हाला दोष देतात?"

"देत नाही ना, तोच त्रास आहे. रोज सकाळी नमस्कार करतो." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तर सल्ला मागू नकोस. तुला काय नकोय, ते कळलं. हवंय काय?"

"माहीत नाही, सर."

"निदान खरं बोललीस. मग आठवडाभर आर्ट्सच्या वर्गात जाऊन बस. मी तिथल्या बाईंना सांगतो. मन रमलं नाही तर परत ये. आलीस तर मी काही विचारणार नाही."

मी जाऊन बसले. पहिले दोन दिवस नुसती खिडकीबाहेर बघत होते. तिसऱ्या दिवशी अर्थशास्त्राच्या बाईंनी सांगितलं, की बाहेरच्या कंपन्यांना देशाचं दार उघडल्यावर जुने कारखाने कायमच्या कामगारांऐवजी कंत्राटी माणसं का घेऊ लागले. बाबांचा ओव्हरटाइम वर्षभरापूर्वी बंद झाला होता. त्यांच्या बरोबरीच्या माणसांना पैसे देऊन घरी बसवलं जात होतं. रोज जेवताना ते साहेबाला शिव्या द्यायचे आणि आई ताट पुढे सरकवत राहायची. आमच्या स्वयंपाकघरातल्या त्या भांडणाला पुस्तकात नाव होतं, कारणं होती. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच मला एखादा तास संपू नये असं वाटलं.

घरी सांगितल्यावर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी सरांना तसं सांगितलं. त्याच संध्याकाळी सर आमच्या दोन खोल्यांच्या घरी आले. जिना चढून धाप लागली होती. आईने पाणी दिलं. बाबा कामावरून नुकतेच आले होते. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि स्वतः कॉटवर बसले.

"सर, आर्ट्स घेऊन हिचं भलं होईन, याची तुमी ग्यारंटी देता काय?"

"नाही," सर म्हणाले. "पण सायन्सची ग्यारंटी द्यायलाही आपल्याकडे कुणी आलेलं नसेल."

बाबा कॉटवर पुढे सरकले. "मंग तुमी आले कशाले?"

"ही एकटी बोलली असती तर आपण रागावला असता. पाहुणा बसलेला असला की माणूस चहा होईपर्यंत तरी ऐकून घेतो. म्हणून आलो."

आई आत चहा ठेवायला गेली. सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मग मी बाबांच्या कारखान्याबद्दलच बोलायला लागले, बाईंनी शिकवलेलं जसं आठवेल तसं. बाबा आधी जमिनीकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले. "हे पुस्तकात आहे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. चहा आला, तो सरांनी घेतला आणि आणखी एक शब्द न बोलता ते उठले. बाबांनी होकार दिला नाही. पण दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ते शाखा बदलायच्या अर्जावर सही करायला माझ्याबरोबर कॉलेजात आले.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. एम.ए. झाल्यावर मीही तासांवर शिकवत दोन-तीन कॉलेजांतून फिरले. आमच्या चाळीतल्या इंजिनिअर झालेल्या मुली कंपनीच्या बसमधून जायच्या आणि मी स्टॉपवर त्यांना हात करायची. बाबा त्यावर कधी बोलले नाहीत, पण बस गेली की माझ्याकडे बघायचं टाळायचे. मधल्या काळात जगताप सरांना एका सॉफ्टवेअर कंपनीत नव्या मुलांना शिकवायचं काम मिळालं. ते सांगताना लिमये सरांचा आवाज बराच मोकळा होता. "आता सकाळी मला नमस्कार करायला कुणी नाही," ते म्हणाले, "त्यामुळे झोप बरी लागते."

मला कायम नेमणूक मिळाली तेव्हा सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आजारी असल्याचं कळलं, म्हणून पेढे घेऊन कोथरूडला गेले. सर खूप वाळले होते. लिमये काकूंनी त्यांना उशा लावून बसवलं. मी बातमी सांगितली. त्यांनी पेढ्याचा कण जिभेवर ठेवला.

"मुलं ऐकतात का?"

"पुढची ऐकतात. मागच्या बाकावरची झोपतात."

"झोपू दे. पहाटे उठून क्लासला जाऊन आलेली असतात. घरी आईबाप झोपू देत नाहीत, तिथे क्लासवाले झोपू देत नाहीत. तुझ्या तासाला झोप लागते म्हणजे तुझी भीती वाटत नाही." बोलता बोलता त्यांना दम लागला. "वडील काय म्हणतात?"

मी सांगायला लागले. बाबा माझी पुस्तकं चाळतात, चष्मा लावून कामगारांवरचे धडे वाचतात, लेखकाने कुठे चुकीचं लिहिलंय ते मला दाखवतात. सर डोळे मिटून ऐकत होते. ओठ थोडे हसल्यासारखे झाले. मी सांगून थांबले तेव्हा लक्षात आलं, की त्यांना झोप लागली आहे.

तशीच बसून राहिले. बाहेर सोसायटीत मुलं खेळत होती. नंतर आठवडाभरातच सर गेले, पण तेव्हा ते काय ठाऊक. मी उठले तशा काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "उठवू का? तू गेलीस म्हणून हळहळतील."

"नको," मी म्हटलं आणि चपला हातात घेऊन बाहेर आले.